गड्ड्याला जाताना बोट नांगरावर ठेवावी की मूरिंगवर?

पावसाळा सोडला तर मी वर्षभर शिडाच्या बोटीवरच राहतो. पण जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, सोलापुरात नाही, असं होत नाही. 13 चा तैलाभिषेक, 14 च्या अक्षता (सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या), 15 चा होम, 16 चं शोभेचं दारूकाम, 17 ची समारोपाची कप्पडकळी. सगळं धरायचं तर बोट पाच-सहा रात्री एकटी राहते. जाणं सोपं आहे: रेवसहून लाँचने भाऊचा धक्का, तिथून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी घरी. मागे बोट कशी ठेवायची, हाच खरा प्रश्न. रेवसजवळ धरमतरच्या खाडीत मी दोन्ही प्रकार करून बघितले आहेत: स्वतःचा नांगर टाकणं, आणि मूरिंग, म्हणजे तळाशी कायम ठेवलेल्या वजनाला बोट बांधणं.

धक्क्याला बांधून जायचा विचार करूच नका. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, दोर सैल करायला आणि ताणायला रात्रंदिवस माणूस लागतो.

नांगराला पैसे पडत नाहीत आणि तळाला चिखल आहे, तो चांगला धरतो. 2023 ला मी नांगरावरच सोडून गेलो होतो. काही म्हणता काही झालं नाही. पण त्या वर्षी संक्रांत अष्टमीच्या आसपास होती, म्हणजे भांगाची (लहान) भरती, पाण्याला ओढ कमी. हे मला पुढे कळलं. आपली यात्रा सूर्यावर चालते आणि भरती चंद्रावर, त्यामुळे गड्डा एखाद्या वर्षी भांगात येतो, एखाद्या वर्षी उधाणात. निघण्याआधी पंचांगात तिथी बघाच.

2025 ला 13 जानेवारीला पौर्णिमा होती. भरतीची उंची धरून पन्नास मीटर साखळी सोडली. एवढ्या साखळीवर बोट फिरते ते वर्तुळही तेवढंच मोठं. शेजारी मासेमारीच्या होड्या होत्या, म्हणून नांगराच्या अलार्मचा घेर लहान ठेवावा लागला. बोटीवर एक जुना फोन ठेवला होता, बोट घेराबाहेर गेली की तो माझ्या फोनवर कळवणार. बोट मात्र दर सहा तासांनी, पाणी फिरलं की तोंड फिरवते आणि नांगराच्या दुसऱ्या बाजूला जाते. नांगर जागच्या जागी, तरी अलार्म वाजतो. घेर मोठा करावा, तर नांगर खरंच सरकला तरी कळायला उशीर.

पौर्णिमेच्या सुमाराला आपल्याकडे भरती दुपारी बारा-साडेबाराला भरते, आणि मग पाणी फिरतं. अक्षता त्याच वेळेला! मिरवणुकीतले उंच नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी, म्हणजे अक्षता पडतात तिथे आलेले, सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या, संमती वाचन (लग्नाच्या मंगलाष्टकांसारखं) सुरू, आणि माझ्या हातातला फोन थरथरला. गर्दीत नेटवर्क जेमतेम. रेवसच्या खलाशाला फोन लावत मी तळ्याच्या कडेला सरकलो. तो होडी घेऊन जाऊन आला आणि म्हणाला, "दादा, बोट आहे तिथंच आहे, नुसतं तोंड फिरवलंय." तोवर "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं होतं, अक्षता पडल्या होत्या. माझ्या मुठीतल्या घामाने ओल्या होऊन हाताला चिकटलेल्या. शेजारी आत्या उभी होती. "अरे, किती वेळा बघू लालास ते फोन?" एवढंच म्हणाली. मला ते फार लागलं.

या वर्षी, 2026 ला, मूरिंग घेतलं. तळाशी वजन, त्याला साखळी, वर तरंगता बोया. दोर आखूड असल्यामुळे बोट थोडक्यातच फिरते. अलार्मचा घेर लहान ठेवला तरी पाणी फिरताना एकदाही वाजला नाही. नंदीध्वजांबरोबर मी हिरेहब्बू वाड्यापासून चाललो, फोन आत्याच्या घरी चार्जिंगला होता.

मूरिंगमध्ये दोष नाहीत असं नाही. पैसे लागतात, आणि खालची साखळी किती झिजली आहे ते त्या गढूळ पाण्यात दिसत नाही. मालक सांगतो त्यावर विश्वास ठेवावा लागतो, किंवा पाणबुड्याला हाताने चाचपायला सांगावं लागतं. मी तेच केलं. दोर बोटीच्या कडेला घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा, परत आल्यावर माझ्या पाइपवर चांगलीच खाच पडली होती. ज्याच्या खाडीत गर्दी नाही, घेर मोकळा ठेवता येतो आणि यात्रा भांगात आहे, त्याला नांगरही पुरेल बहुतेक. माझंही एकदा निभावलं होतंच.

बॅटरी आणि बिल्जपंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) दोन्हीकडे सारखेच तपासायचे. मी मात्र यापुढे मूरिंगच घेणार आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून दिवाळी झाली की मालकाशी बोलून घ्या, आणि 18 ची रात्रही धरा. कप्पडकळीनंतर त्याच दिवशी निघायला मन होत नाही.