पीयूसीसाठी जुनी ८००: नुसता स्क्रू फिरवायचा का कार्बोरेटर उघडायचा?

आपली १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा आन पेट्रोल मिसळून इंजनला देणारा जुना भाग असलेली. बीएस-२ हे धुराचे सरकारी नियम यायच्या आधीच्या अशा पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर (गाडी उभी, इंजन नुसतं चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल १५०० पीपीएमच्या (दहा लाखात १५०० भाग) आत लागतं. आता लातूरात कुठल्याबी मेस्त्रीकडं गेलं की तो पेचकस घेऊन मिक्श्चर स्क्रू (आयडलला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) थोडा कसतो, पेट्रोल कमी जायलं की सीओ लगेच खाली, दहा मिनिटांत काम, खर्चबी चहापाण्याएवढाच. पण जास्त कसला की मिश्रण इतकं पातळ होतं की एखाद्या वेळी ठिणगी पडूनबी जळतच नाही, कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरातून बाहेर, म्हणजे सीओ पास आन एचसी नापास! वर गाडी सिग्नलला बंद पडायली ते वेगळंच.

दुसरा रस्ता म्हणजे कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ करा, फ्लोट लेव्हल म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी बघा, चोक (थंड इंजन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) अडकलाय का ते बघा. यात अर्धा दिवस जातो आन खिशालाबी लागतं. पण आपल्याकडं उन्हाळ्यात फुफाटा एवढा की एअर फिल्टर चोंदतो, हवाच कमी मिळायली तर स्क्रू फिरवून काय होणार?

मी तर आधी फिल्टर आन प्लग बदलतो, मग इंजन चांगलं गरम करून स्क्रू, तरी आकडा उतरला नाही तरच कार्बोरेटर. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, निळा धूर मारायली असेल, तर मात्र दोन्हीत पैसे घालू नका.