जिन्यात आणि पार्किंगमध्ये सेन्सरवाले एलईडी: 16 महिन्यांच्या वापरानंतर

इमारत सात मजली. एक जिना, खाली तळघरातलं पार्किंग. जिन्यात 14 पॉइंट (दर मजल्याला एक, मधल्या लँडिंगला एक), पार्किंगमध्ये 24. पूर्वी सगळीकडे 36 वॅटच्या चार फुटी ट्यूब आणि तांब्याच्या वायंडिंगचे जुने चोक होते. आता जिन्यात 10 वॅटचे पीआयआर (अंगाच्या उष्णतेवर चालणारे) सेन्सरवाले गोल फिटिंग आहेत आणि पार्किंगमध्ये 20 वॅटचे मायक्रोवेव्ह (रेडिओलहरींवर चालणारे) सेन्सरवाले बॅटन, म्हणजे पट्टीसारखे लांब दिवे. दोन पावसाळे आणि एक उन्हाळा झाल्यावरचं मत असं: पार्किंगमध्ये सेन्सर सोळा आणे बरोबर, जिन्यात नसते लावले तरी चाललं असतं.

कारण साध्या हिशेबात आहे. 36 वॅटची ट्यूब चोकसकट जवळपास 48 वॅट खाते. जिन्यातले 14 पॉइंट रात्री 12 तास म्हणजे महिन्याला सुमारे 242 युनिट. त्याच जागी 10 वॅटचे साधे एलईडी रात्रभर जाळले तरी 50 युनिट. सेन्सर लावून प्रत्येक दिवा रोज सरासरी तीन तासच लागतो असं धरलं, तर 13 युनिट. शिवाय सेन्सर स्वतः चोवीस तास अर्धा वॅट पितो, त्याचे 5. म्हणजे 192 युनिट एलईडीने वाचवले आणि सेन्सरने फक्त 32. त्या 32 युनिटांसाठी पुढची सगळी डोकेदुखी.

पार्किंगचं गणित वेगळं. तळघरात दिवसाही अंधार, त्यामुळे दिवे चोवीस तास. 24 बॅटन सलग जळले तर महिन्याला 346 युनिट. हे बॅटन विझत नाहीत, हालचाल थांबली की 20 वॅटवरून 5 वॅटवर उतरतात. रोज तीन तास पूर्ण उजेड धरला तर आकडा 119 वर येतो. महावितरणच्या हद्दीत सोसायटीचं कॉमन मीटर घरगुती दरात येतं आणि 500 युनिटांच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग. लिफ्ट आणि पंप त्याच मीटरवर असले की ही बचत थेट वरच्या टप्प्यातून कापली जाते. सेन्सर विकणारे हा मुद्दा कधी सांगत नाहीत, आणि खरं तर त्यांच्या बाजूचा तोच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

आता जिन्यातल्या तक्रारी. पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता हलताना पाहतो. उभा माणूस त्याला दिसत नाही. पाचव्या मजल्यावर माणूस दारासमोर उभा आहे, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने किल्ली चाचपडतोय, तेवढ्यात दिवा जातो. मग किल्ली सोडून हात हलवायचा. कंपनीने वेळ 30 सेकंदांवर ठेवून पाठवली होती. झाकणाखाली तीन छोटे स्क्रू असतात: वेळ, उजेड, संवेदनशीलता. वेळ 90 सेकंदांवर नेली की निम्म्या तक्रारी मिटतात. वयस्कर माणसं लँडिंगवर दम घ्यायला थांबतात, त्यांच्यासाठी 30 सेकंद म्हणजे थट्टाच. वेळ वाढवल्याचा दुसरा फायदा म्हणजे रिलेची, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या सेन्सरमधल्या स्विचची, उघडझाप कमी होते.

दुसरी चूक जागेची. पीआयआरला आडवा जाणारा माणूस चटकन दिसतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. फिटिंग पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीवर लावलं, तर चढणारा दोन-तीन पायऱ्या अंधारात चढून येतो. तेच बाजूच्या भिंतीवर घेतलं की पहिल्या पायरीलाच दिवा लागतो. जुना पॉइंट जिथे आहे तिथेच फिटिंग ठोकायचा वायरमनचा हट्ट असतो. दीड मीटर पट्टी वाढवायला लावा.

एप्रिल-मेमध्ये सेन्सर आंधळे झाल्यासारखे वागतात. भिंत आणि हवा 33 ते 37 अंशांच्या पट्ट्यात आली की त्वचा, कपडे आणि पार्श्वभूमी यांच्यात फरकच उरत नाही. सेन्सर बिघडलेला नसतो, बदलून काही होत नाही. तेवढे दोन महिने संवेदनशीलता पूर्ण वाढवायची आणि पावसाळ्याआधी परत खाली आणायची, नाहीतर पाल लेन्सवरून गेली तरी दिवा लागतो.

मायक्रोवेव्हला उष्णतेशी देणंघेणं नाही. तो 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरीतला बदल पाहतो. त्यामुळे उन्हाळ्यात ठणठणीत, पण लाकडी दार, काच, पीव्हीसी यांच्या आरपार त्याला दिसतं. जिन्यात तो लावू नये तो याचसाठी: घरात कोणी हॉलमध्ये फेऱ्या मारल्या तरी बाहेर लँडिंगवर दिवा. पार्किंगमध्ये वेगळीच गंमत झाली. स्लॅबखालून सांडपाण्याचे आडवे पीव्हीसी पाइप जातात. सकाळी सहा ते नऊ या वेळात सातही मजल्यांचं पाणी त्यातून वाहतं आणि पाइपाला खेटून असलेले बॅटन 5 वॅटवर उतरतच नाहीत, कारण वाहतं पाणी ही त्यांच्या लेखी हालचालच. ते बॅटन पाइपापासून दीड मीटर लांब सरकवले, संवेदनशीलता निम्मी केली, तेव्हा शांत झाले.

सगळ्यात फसवा बिघाड रिले चिकटण्याचा. जिन्याच्या तळाशी प्रवेशद्वाराचे आठ दिवे एकाच सुट्या सेन्सरवर जोडले होते. सेन्सरवर 1200 वॅट लिहिलेलं, दिवे मिळून 80 वॅट, म्हणजे वरकरणी काहीच भार नाही. पण तो 1200 चा आकडा जुन्या पिवळ्या बल्बचा. एलईडीच्या ड्रायव्हरमधला (दिव्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) रिकामा कपॅसिटर चालू होताना क्षणभर प्रचंड करंट ओढतो, आठही एकदम ओढतात, आणि रिलेचे कॉन्टॅक्ट जागच्या जागी वेल्ड होतात. खूण अशी: दिवे दिवसाही चालू राहतात, सेन्सरवर टिचकी मारली की बंद होतात, दोन दिवसांनी पुन्हा तेच. एलईडीसाठीचा वेगळा आकडा सेन्सरवर छापलेला असेल तरच घ्या. नसेल तर एका सेन्सरवर दोन-तीन दिवे, किंवा मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार पेलणारा मोठा रिले.

टू-वे स्विचच्या जुन्या वायरिंगवर साधे एलईडी लावले तर बंद केल्यावरही ते मंद झगमगतात किंवा दर काही सेकंदांनी डोळा मारतात. लांबलचक समांतर गेलेल्या वायरींमधून झिरपणारी सूक्ष्म वीज ड्रायव्हरला तेवढी पुरते. आधी टेस्टरने पाहा की स्विचमधून फेजच तुटतोय ना. न्यूट्रल तुटत असेल तर ते आधी दुरुस्त करा, कारण तसं फिटिंग बंद असूनही त्यात वीज असते. फेज बरोबर असूनही झगमग राहिली तर शेवटच्या फिटिंगला फेज-न्यूट्रलमध्ये 0.1 मायक्रोफॅरॅड, 275 व्होल्ट एसीचा एक्स-टू (थेट मेन लाइनवर लावण्यासाठीचा) कपॅसिटर लावा, झिरपणारी वीज तो पचवतो. काही रुपयांचं काम आहे.

उजेडाबद्दल तक्रार नाही. 10 वॅटला साधारण 1000 ल्युमेन, एका पॉइंटच्या वाट्याला 4-5 चौरस मीटर, आणि निम्म्याहून थोडा कमी उजेड पायरीपर्यंत पोचतो असं धरलं तरी पायरीवर 80 ते 100 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळतो. मात्र भिंती कळकट असतील तर एवढा मिळत नाही. जास्त वॅटचे दिवे घेण्याआधी जिन्याला पांढरा रंग द्या. रंगछटा 4000 केल्विन घ्या. 6500 चा निळसर दिवा पहिल्या पावसातले किडे जास्त ओढतो आणि बंद नसलेल्या फिटिंगच्या झाकणात पंखांचा खच पडतो.

जिन्यात सगळेच दिवे सेन्सरवर ठेवू नका. तळमजला, गच्चीचं दार आणि मधला एक मजला हे तीन दिवे सेन्सरशिवाय, संध्याकाळ ते सकाळ टायमरवर, आणि बॅकअपच्या सर्किटवर. आग लागली, धूर झाला, तर सेन्सरने हालचाल ओळखण्याची वाट कोणी पाहणार नाही.

उतरवलेल्या ट्यूब भंगारवाल्याला देऊ नका, कचऱ्यात फोडू तर नकाच. आत पारा असतो. 2022 च्या ई-कचरा नियमांत या ट्यूब येतात, नोंदणीकृत रिसायकलरकडेच किंवा उत्पादकाच्या संकलन केंद्रावर द्यायच्या. चोक मात्र वेगळे काढा, तांब्याला भाव मिळतो.

आणि खरेदीच्या वेळीच त्याच बॅचचे दोन जादा फिटिंग घ्या, प्रत्येकाच्या मागच्या पत्र्यावर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. दिवा जातो तेव्हा बहुतेकदा एलईडी नाही, ड्रायव्हर गेलेला असतो. दुकानदार बिल मागतो, बिल कमिटीच्या जुन्या फायलीत असतं, आणि वर्षभराने तोच ड्रायव्हर बाजारात मिळत नाही.