वरूडच्या उन्हाळ्यात बोर्डोची लाल वाइन: घ्यावी का, अन् घेतली त कशी प्यावी

वरूड-मोर्शीकडच्या संत्रावाल्याला बोर्डो म्हटलं की मोरचूद अन् चुना आठवते. डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) लागू नये म्हणून पावसाळ्याआधी बुंध्याले पेस्ट लावतो, फवाऱ्यासाठी 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद अन् एक किलो चुना कालवतो, मग विळा बुडवून पाहतो, पात्यावर तांबूस चढलं त अजून चुना टाका. हे बोर्डो मिश्रण फ्रान्सच्या ज्या बोर्डो मुलखातून आलं तिथलीच लाल वाइन नागपूरहून आणली होती, तिच्याबद्दल लिहून राहिलो. बाटली साधी, कोण्या मोठ्या शातोची (तिकडच्या नावाजलेल्या द्राक्षमळ्याची) नाही, लेबलवर नुसतं बोर्डो, साल 2018, मेर्लो जातीचं द्राक्ष जास्त अन् कॅबरने सॉव्हिन्यॉन जातीचं कमी, अडीच हजाराच्या आसपास पडली. ब्रँड लिहीत नाही काऊन की नागपुरात दर खेपेला वेगळीच बाटली दिसते, साल अन् द्राक्षाची जात पाहून घ्या, तेवढं पुरते.

आधी चव. उघडल्या-उघडल्या काहीच वास नाही आला, वाटलं गेले पैसे. ग्लासात ओतून अर्धा तास तशीच राहू दिली तेव्हा कुठं आलूबुखाराचा वास वर आला, मागून थोडा लाकडाचा. गोड बिलकुल नाही. पहिल्या घोटात जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते तसा तुरटपणा, अन् गिळल्यावर एक आंबटसर ताजेपणा जो बराच वेळ तोंडात राहते. मला तो आंबटपणाच सगळ्यात जास्त आवडला. नाशिकची शिराज (तीही लाल वाइनच) मी पितो, चांगली असते, पण ती जरा उष्ण अन् मसालेदार वाटते, ही थंड मुलखातली आहे हे घोटातच कळते.

अन् ते काऊन तसं आहे हे आपल्यासारख्या बागाईतदाराले लवकर समजते. बोर्डो आहे 45 अक्षांशाच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी वर, पण अटलांटिक समुद्र जवळ अन् त्यातला उबदार प्रवाह, त्यामुळं हिवाळा फार कडक नाही अन् उन्हाळा फार तापत नाही, जुलै-ऑगस्टात दुपारचं तापमान सरासरी 27-28 अंश. आपल्याकडे त्या तापमानाले लोक स्वेटर पेटीतून बाहेर काढायचा विचार करतात. समुद्राच्या वाऱ्याले अडवायला मधात लांद नावाच्या भागातलं पाइनचं मोठं जंगल आहे. पाऊस वर्षाले 900 मिलिमीटरच्या वर, म्हणजे आकडा आपल्याच जवळपास, पण आपला सगळा चार महिन्यांत कोसळून मोकळा होते अन् त्यांचा बारा महिने थोडा-थोडा पडत राहते. म्हणून द्राक्ष हळू पिकते, आंबटपणा जळून जात नाही. पण त्याच ओलाव्यानं केवडा हा पानं गाळणारा रोगही येते, अन् तोडणीच्या वेळी सप्टेंबरात पाऊस लागला की रस पातळ. संत्र्याच्या आंबिया बहारात मार्चमध्ये गारपीट झाली की आपल्या पोटात जसा गोळा येते तसा तिकडच्यांच्याही येत असेल. 2017 च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर दहिवर गोठलं अन् त्या सालचं उत्पादन जवळपास 40 टक्क्यांनी खाली आलं. माझी बाटली ज्या सालची त्या 2018 मध्ये वसंतात केवड्यानं झोडपलं, मग उन्हाळा गरम अन् कोरडा गेला, ज्यांचे घड वाचले त्यांचा माल दाट निघाला. बाटलीवर साल छापतात त्याचा हा खरा उपयोग.

केवड्यावरूनच ते मिश्रण निघालं. 1882 च्या सुमारास मिलार्दे नावाचे प्राध्यापक बोर्डोच्या मेडॉक भागातून जाऊन राहिले होते, रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद-चुन्याचा निळसर फवारा मारलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं तोडून खाऊ नये म्हणून. बाकी वावरातली पानं केवड्यानं गळालेली अन् रस्त्याकडेची हिरवीगार. 1885 मध्ये त्यांनी ते छापून जाहीर केलं. चोराले भेव दाखवायची युक्ती आज माझ्या संत्र्याच्या बुंध्यावर आहे, याचं मला फार अप्रूप वाटते.

जातींचं पण जमिनीवरून ठरते. गारोन अन् डोरडॉन्य या दोन नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. खाडीच्या डाव्या काठाले गोटे अन् रेती, पाणी झरून जाते, गोटे दिवसाची ऊब धरून ठेवतात, तिथं उशिरा पिकणारं जाड सालीचं कॅबरने सॉव्हिन्यॉन. उजव्या बाजूले सेंट एमिलियन, पोमरोलकडे चिकणमाती अन् चुनखडी, जमीन थंड, तिथं लवकर पिकणारं मेर्लो. दोन्ही मिसळतात ते नुसतं चवीसाठी नाही, एक जात पावसात सापडली त दुसरी सावरून घेते. आपण सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकतो तोच हिशोब. आता तिकडंही ऊन वाढून राहिलं, मेर्लो लवकर पिकून साखर जास्त होते, म्हणून 2021 मध्ये पोर्तुगालची तुरिगा नासियोनाल, पांढऱ्यात अल्व्हारिन्यो अशा सहा नव्या जाती थोड्या प्रमाणात लावायला परवानगी दिली. पांढरी वाइन पण करतात, सॉव्हिन्यॉन ब्लाँ अन् सेमियोंची, ती मी घेतली नाही.

आता राजेहो कामाचं. ही बाटली मे महिन्यात अजिबात घेऊ नका. आधी एक अशीच बाटली एका दुकानातून उन्हाळ्यात घेतली होती, काचेच्या शोकेसमध्ये उभी, दुपारचं ऊन थेट तिच्यावर, एसी बंद. घरी उघडली त बूच वर सरकलेलं अन् वाइनले उकळलेल्या मनुक्यांचा वास, सगळी मोरीत गेली. 45 अंशात वाइन शिजते, दुसरा शब्द नाही. दुकानदार म्हणे वाइन अशीच असते. नाही भाऊ, अशी नसते. बूच वर आलेलं दिसलं, गळ्याशी चिकट ओघळ दिसला, त पैसे देऊच नका. दिवाळीनंतर घ्या, येताना गाडीच्या डिक्कीत टाकू नका, पायाशी ठेवा. अन् वर्धेचे मित्र मागतात म्हणून तिकडे नेऊ नका, जिल्हा दारूबंदीचा आहे.

लाल वाइन रूम टेंपरेचरले प्या म्हणतात ते त्यांच्या रूमचं. इथं डिसेंबर सोडला त आधी फ्रिजमध्ये ठेवा, 16-18 अंशाले आली की तुरटपणा बरोबर लागते, गरम प्याली त नुसता अल्कोहोल नाकात जाते.

जेवणात सावजी रस्स्यासोबत नको, तिखट अन् तुरट मिळून तोंड पेटते, दोन्हीची चव जाते. सुकं मटण कमी तिखटाचं, थोडी चरबी असलेलं, मीठ अन् मिरं पुढं असलेलं, त्यासोबत ही वाइन एकदम मऊ होते, चरबीनं तुरटपणा निघून जाते. कोळशावर भाजलेल्या वांग्याच्या भरतासोबत पण फार जमली, त्या धुराच्या वासाले हिचा लाकडी वास लागून येते. रोडग्यांसोबत काही खास नाही.

पैशाच्या मानानं पाचापैकी चार. रोज प्यायची वस्तू नाही, पण फळबाग करणाऱ्यानं हिवाळ्यात एकदा घ्यावीच. उरली त बूच लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा, तिसऱ्या दिवशी आंबते. पुढच्या खेपेला उजव्या काठाची सेंट एमिलियन शोधून राहिलो, नागपूर-अमरावतीत बाटल्या आडव्या अन् थंड ठेवणारा दुकानदार कोणाले माहीत असंल त सांगा.