संगणक कधी सुरू झाला आणि कधी बंद पडला: इव्हेंट व्ह्यूअर की तयार तक्ता?

दादरच्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव मध्यंतरी एक छापील पान घेऊन आले. कार्यालयातील संगणक पहाटे ३ वाजून ४१ मिनिटांनी सुरू झाल्याची नोंद त्यावर अधोरेखित केली होती आणि संशय रखवालदारावर होता. ती विंडोजच्या नोंदवहीतील 'कर्नल-जनरल' या स्रोताची १२ क्रमांकाची नोंद होती (येथे 'कर्नल' म्हणजे प्रणालीचा गाभा, लष्कराशी तिचा संबंध नाही), आणि तिच्या मजकुरातील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवल्यावर सकाळचे ९ वाजून ११ मिनिटे झाले, म्हणजे कारकून कामावर येण्याचीच वेळ.

ही माहिती मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. टास्क मॅनेजरमधील 'अपटाइम', म्हणजे संगणक किती वेळ सुरू आहे तो आकडा, पाहणे सर्वांत सोपे, परंतु सर्वांत फसवे आहे. विंडोज ८ पासून आलेले 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तो आकडा शून्यावर येत नाही. तो 'रीस्टार्ट' केल्यावरच येतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजची नोंदवही दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज लॉग्जखालील 'सिस्टम' उघडून क्रमांकांनुसार गाळणी लावणे थोडे किचकट असले, तरी कारण शोधायचे असल्यास मी हाच मार्ग सुचवतो. ६००५ म्हणजे नोंदसेवा सुरू झाली आणि ६००६ म्हणजे ती बंद झाली, ही जोडी बहुतेकांना ठाऊक असते. मात्र फास्ट स्टार्टअपमुळे ती रोज उमटेलच असे नाही, म्हणून सोबत १०७४ पाहावी, कारण कोणत्या वापरकर्त्याने किंवा प्रोग्रामने संगणक बंद करायला लावला हे तीच सांगते. 'कर्नल-बूट'ची २७ क्रमांकाची नोंद संगणक पूर्ण थंड अवस्थेतून उठला की जपलेल्या अवस्थेतून, हे दाखवते. वीज गेल्याने बंद पडला असेल तर ४१ आणि ६००८ दिसतात. येथे एक चूक वारंवार होते: ६००८ ची स्वतःची वेळ ही नंतर संगणक सुरू झाल्याची असते, तर तो बंद पडल्याची वेळ नोंदीच्या वाक्यात दडलेली असते. शनिवारी दुपारी गेलेली वीज त्यामुळे सोमवार सकाळच्या खात्यावर जमा होते.

निरसॉफ्टचे 'टर्न्डऑनटाइम्सव्ह्यू' हे मोफत साधन याच नोंदी वाचून सुरू, बंद आणि कालावधी असा तक्ता देते. संस्थेच्या सभेत महिन्याभराचा हिशेब मांडायचा असेल तर हेच घ्यावे, आणि एखादी ओळ विचित्र वाटली तर तेवढीच मूळ नोंद उघडून तपासावी. पॉवरशेलची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करवून घेण्याच्या विंडोजमधील साधनाची, आज्ञा दहा-वीस संगणक सांभाळणाऱ्यांच्या कामाची आहे. एका संगणकासाठी ती शिकण्याचे श्रम मला अनाठायी वाटतात.

मदरबोर्डवरील सेल संपलेला असेल तर घड्याळ मागे पडते आणि सर्वच मार्ग सारखेच चुकतात. नोंदवही कोणी पुसली असल्यास १०४ क्रमांकाची नोंद मागे उरते. पण सिस्टम लॉगची मर्यादा सहसा २० एमबी असून ती भरली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, म्हणून वादाचा प्रसंग असेल तर तपासणीआधी संपूर्ण लॉग 'सेव्ह' करून पेन ड्राइव्हवर घ्यावा.