धूसर फोटोतला पक्षी: घार की अल्पवयीन ब्राह्मणी घार?

ठाणे खाडीच्या काठावर, ऐरोलीच्या बाजूने काढलेल्या फोटोंत हा पेच वारंवार पडतो. प्रौढ ब्राह्मणी घार विटकरी अंग आणि पांढऱ्या डोक्यामुळे अस्पष्ट फोटोतही ओळखू येते. खरी अडचण तिच्या तपकिरी, अल्पवयीन पक्ष्यांची असते, कारण ते साध्या घारीसारखेच दिसतात.

माझ्या मते पहिली नजर शेपटीकडे जावी. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली असते, तर ब्राह्मणी घारीची टोकाशी गोलसर असते. मात्र वळण घेताना घार शेपटी पंख्यासारखी पसरते, तेव्हा ती खाच जवळजवळ नाहीशी होते आणि कड सरळ दिसते, म्हणून एकाच फोटोत खाच दिसली नाही एवढ्यावरून ती ब्राह्मणी घार ठरवणे चुकीचे आहे. अशा वेळी शेपटीचे कोपरे पाहावेत: घारीचे टोकदार राहतात, ब्राह्मणी घारीचे गोलावतात.

शेपटी फोटोत आलीच नसेल, तर पंख पाहावेत. ब्राह्मणी घारीचे पंख तुलनेने आखूड असतात आणि एकूण रंगही फिकट असतो. पंखाखालचा फिकट डाग दोघींतही दिसू शकतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. रंगावर तर त्याहून कमी भिस्त ठेवावी, कारण उजळ आकाशासमोर टिपलेला कोणताही पक्षी काळपट येतो. फोटोत फक्त छाती आणि अर्धा पंख असेल, तर ‘घार, जात अनिश्चित’ अशीच नोंद करावी.