कॅलिफोर्नियाची मतदार पुस्तिका: गर्दीच्या प्रायमरीत किती कामाची?

कॅलिफोर्नियात प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीची प्राथमिक फेरी, जवळ आली की टपालाने दोन पुस्तिका येतात. एक राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून, मतदानाच्या 40 ते 21 दिवस आधी आणि घरटी एकच. दुसरी आपल्या काउंटीची (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), जिच्यात बहुतेक ठिकाणी नमुना मतपत्रिकाही असते. हे परीक्षण मुख्यतः पहिलीचं आहे, आणि तेही एकाच प्रश्नापुरतं: पंचवीस-तीस नावांतून एक निवडायचं आहे आणि मन ठरलेलं नाही, अशा मतदाराला ती किती उपयोगी पडते?

मत कसं द्यायचं, कुठे द्यायचं, नोंदणी राहून गेली असेल तर काय करायचं, या बाबतीत पुस्तिका उत्तम आहे. भाषा सोपी, तारखा ठळक. प्रस्ताव, म्हणजे थेट मतदारांनी हो-नाही ठरवायचे कायदे, मतदानाला असतील तर त्यांचा सारांश, खर्चाचा अंदाज आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ओळीने मिळतात. उमेदवारांच्या पानांवर आलं की मात्र ती विरळ होते, आणि याचं कारण तिच्या नियमांतच आहे.

उमेदवाराचं निवेदन ही विकत घेतलेली जागा असते: जास्तीत जास्त 250 शब्द, शब्दाला 25 डॉलर. म्हणजे पूर्ण निवेदनाला 6,250 डॉलर. शिवाय गव्हर्नरसारख्या राज्यपातळीवरच्या पदासाठी ही जागा फक्त खर्चाची ऐच्छिक मर्यादा मान्य करणाऱ्यालाच मिळते. त्यामुळे भरपूर निधी जमवून मर्यादा नाकारलेला मोठा उमेदवार आणि पैसे नसलेला अगदी छोटा उमेदवार, दोघेही या पानांवर सापडत नाहीत. निवेदन दिसलं नाही म्हणून उमेदवार बिनमहत्त्वाचा, हा निष्कर्ष इथे हमखास चुकतो. जी निवेदनं छापली जातात त्यांतल्या दाव्यांची शहानिशा सरकार करत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख करायला मनाई असल्यामुळे दोघांत फरक काय ते त्यांतून कळत नाही. हा दोष मोठा आहे, कारण न ठरलेल्या मतदाराला नेमका तो फरकच हवा असतो.

गर्दी किती असते ते पाहा. 2016 च्या अमेरिकी सिनेटच्या प्रायमरीत 34 उमेदवार होते. 2018 मध्ये गव्हर्नरपदासाठी 27 आणि सिनेटसाठी 32. मतपत्रिकेवरची यादी मग दुसऱ्या रकान्यात किंवा दुसऱ्या पानावर जाते. तिथे नवी लढत सुरू झाली असं समजून दुसरा गोल भरला की त्या पदाचं मत बाद होतं. बाकीच्या पदांची मतं मोजली जातात, पण हे गेलंच. मतपत्रिका पाठवण्याआधी चूक लक्षात आली तर काउंटीकडून बदली मतपत्रिका मागता येते.

नावांचा क्रमही नीट समजून घ्यावा. मतदानाच्या आधी 82 व्या दिवशी सोडतीने अक्षरांचा क्रम ठरतो. राज्यपातळीवरच्या पदांसाठी तो असेंब्लीच्या (राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या) 80 मतदारसंघांत फिरवला जातो. दुसऱ्या मतदारसंघातल्या, समजा फ्रीमाँटच्या, मित्राची आणि तुमची यादी जुळली नाही तर त्यात गडबड नाही. ‘अमुक क्रमांकाचा गोल भरा’ असा निरोप व्हॉट्सॅपवर पुढे पाठवू नये, तो याचसाठी. नावाखाली छापलेला हुद्दा उमेदवारानेच निवडलेला असतो, सहसा तीन शब्दांत. ‘पक्ष पसंती’ ही त्याची स्वतःची पसंती असते, पक्षाचा पाठिंबा नव्हे. पाठिंब्याची यादी वेगळी छापतात, ती शोधून वाचावी.

आता पुस्तिकेत जे पुरेसं उलगडून सांगितलेलं नाही ते. 2012 पासून इथे टॉप-टू पद्धत आहे: सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आणि पहिले दोन नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. 2016 ला सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लॉरेटा सँचेझ अशा दोन डेमोक्रॅट नोव्हेंबरच्या लढतीत होत्या. याची दुसरी बाजू 2012 मध्ये 31 व्या काँग्रेस मतदारसंघात दिसली. चार डेमोक्रॅटांत मतं विभागली आणि दोन रिपब्लिकन पुढे गेले, तेही डेमोक्रॅटांकडे झुकलेल्या मतदारसंघात. म्हणून ‘मला कोण आवडतो’ याच्या जोडीला ‘पहिल्या दोनांत येण्याजोगे कोण आहेत’ हा प्रश्नही विचारावा. अध्यक्षपदाच्या प्रायमरीला हा नियम लागू नाही. काउंटीच्या पक्षविरहित पदांसाठी एखाद्या उमेदवाराला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर निकाल प्रायमरीतच लागतो.

काँग्रेस, राज्य सिनेट आणि असेंब्लीच्या उमेदवारांची निवेदनं राज्याच्या पुस्तिकेत नसतात, ती काउंटीच्या पुस्तिकेत असतात. मराठी कुटुंबांच्या ओळखीच्या माउंटन व्ह्यू, पालो आल्टो भागातली 2024 ची लढत आठवा. 16 व्या काँग्रेस मतदारसंघात 11 उमेदवार होते. सॅम लिकार्डो पहिले आले, आणि दुसऱ्या जागेवर इव्हान लो आणि जो सिमिटियन दोघांनाही 30,249 मतं. फेरमोजणीत लो पाच मतांनी पुढे निघाले. त्या लढतीत राज्याच्या पुस्तिकेवर विसंबणाऱ्याच्या हाती या अकरा जणांचं एकही निवेदन नव्हतं.

मग क्रम असा ठेवावा. आधी नमुना मतपत्रिकेवर अजिबात नको असलेली नावं खोडा. उरलेल्यांची निवेदनं वाचताना फक्त पूर्वी केलेली कामं आणि आकडे अधोरेखित करा, विशेषणं सोडून द्या. मग पैसा पाहा. राज्याच्या पदांसाठी कॅल-ॲक्सेस ही सरकारी साइट आहे. तिची मांडणी जुनी आणि शोध कटकटीचा, पण माहिती अस्सल. तिथल्या फॉर्म 460 मध्ये, म्हणजे जमाखर्चाच्या अहवालात, 100 डॉलर आणि त्यावरच्या देणग्या नावानिशी दिसतात. निवडणुकीआधीच्या 90 दिवसांत 1,000 डॉलर किंवा जास्त रक्कम आली तर ती 24 तासांत फॉर्म 497 वर जाहीर करावी लागते. उमेदवाराबाहेरच्या गटांचा खर्च फॉर्म 496 वर असतो, आणि गर्दीच्या लढतीत कोणाला कोण पुढे ढकलतंय ते याच फॉर्मवरून जास्त कळतं. काँग्रेसच्या उमेदवारांसाठी संघीय निवडणूक आयोगाची, म्हणजे एफईसीची साइट पाहावी लागते.

मतपत्रिका टपालाने सगळ्यांनाच येते आणि परतीला तिकीट लागत नाही. पाकिटावर सही मात्र नोंदीतल्या सहीसारखीच हवी. डीएमव्हीच्या (वाहन परवाना खात्याच्या) पडद्यावर घाईत केलेली सही आणि इथली सुबक सही यांत फरक पडला तर काउंटी पत्र पाठवते. त्याला मुदतीत उत्तर दिलं तर मत वाचतं. टपालाचा शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा आणि पाकीट पुढच्या सात दिवसांत पोचायला हवं.

पुस्तिकेची मराठी आवृत्ती नाही. हिंदी आहे, संकेतस्थळावर मोफत वाचता येते आणि मागणी नोंदवली तर टपालानेही येते. नुकतंच नागरिकत्व मिळालेल्या आई-बाबांना देवनागरीत वाचणं इंग्रजीपेक्षा कितीतरी सोपं जातं, तेव्हा ती मागणी आधीच करून ठेवा. काउंटीची पुस्तिका सगळीकडे हिंदीत मिळत नाही. त्या पानांवर आई-बाबांसोबत अर्धा तास बसावं लागेल.