खुडूक कोंबडी की उबवणी यंत्र? अशक्त पिल्लाच्या बाजूने केलेली तुलना

अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवायची की यंत्रात, हे ठरवताना बहुतेक जण किती अंडी मावतील आणि त्यांतून किती पिल्ले निघतील याचा हिशेब करतात. मी दोन्ही वाटांनी पिल्ले काढली आहेत. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: जे पिल्लू अर्धवट कवच फोडून थांबेल, ज्याचे पाय फाकतील, ज्याला चोच लागून रक्त येईल, त्याचे काय होणार? दोन्ही पद्धतींतला खरा फरक मला इथेच दिसला.

आधी एकवीस दिवसांचे बघू. या काळात कोंबडीला तुमची गरज जवळजवळ नसते. तिच्या पोटाखालची पिसे गळून कातडी उघडी पडते आणि अंड्यांना थेट ऊब मिळते. दिवसातून अनेकदा ती अंडी फिरवते, दाणापाण्यासाठी एकदा थोडा वेळ उठते आणि परत बसते. वीज गेली काय, राहिली काय, तिला फरक पडत नाही. मध्यम आकाराच्या कोंबडीखाली तिच्याच आकाराची दहाबारा अंडी नीट झाकली जातात. हावरेपणाने जास्त ठेवली तर कडेची गार पडतात, आणि कडेची अंडी रोज बदलत असल्यामुळे नुकसान सगळ्यांचेच होते. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा-पिसवा आहेत का ते पाहून घ्या. त्यांच्या त्रासाने चांगली बसलेली कोंबडीही घरटे सोडते. पहिल्यांदा खुडूक झालेल्या कोंबडीचा भरवसा धरू नये. ती दहाव्या दिवशी उठून गेली तर हाताशी दुसरी सोय हवी.

यंत्रात हे सगळे तुमच्या अंगावर येते. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंशांच्या आसपास, पहिले अठरा दिवस आर्द्रता 50 टक्क्यांच्या आगेमागे, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अंडी दिवसातून निदान तीन ते पाच वेळा फिरवायची आणि अठराव्या दिवशी फिरवणे बंद करायचे. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. थोडा वेळ गारवा आला तर गर्भ बहुधा तग धरतो, जास्तीची उष्णता मात्र फार लवकर मारते. वीज गेली तर झाकण न उघडता वरून जाड कापड घाला, पण हवेची भोके मोकळी ठेवा. यंत्राचा मोठा फायदा असा की अंडी कधी ठेवायची ते तुम्ही ठरवता, कोंबडी खुडूक होण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय सातव्या आणि चौदाव्या दिवशी आत गर्भ वाढतोय का हे बॅटरीच्या उजेडात तपासणे सोपे जाते. कोंबडीखालची अंडी मी रात्री एकदाच तपासते, तीही फार हलवाहलव न करता.

इथवर तुलना बरोबरीची वाटते. एकविसावा दिवस उजाडला की चित्र बदलते.

कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर यायला बारा ते चोवीस तास सहज लागतात. या वेळात ते नुसते दमून पडलेले नसते. कवचाच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांमधले रक्त अंगात ओढले जात असते, उरलेला बलक पोटात शिरत असतो. यंत्राच्या काचेतून हे सगळे दिसते आणि म्हणूनच हात शिवशिवतात. मी एकदा सहा-सात तासांतच कवच सोलायला घेतले. पडद्यातून रक्त आले आणि ते पिल्लू संध्याकाळपर्यंत गेले. तेव्हापासून माझा नियम असा: चीर पडून चोवीस तास झाले, काहीच पुढे सरकले नाही आणि पडदा सुकून पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा झाला, तरच कोमट पाण्याने तो ओला करून जरासे कवच काढायचे. रक्तवाहिनी दिसली की लगेच थांबायचे आणि अंडे परत उबेत ठेवायचे.

कोंबडीखाली हा मोह होत नाही, कारण दिसतच नाही. पण मदतीची संधीही निसटते. पहिली पिल्ले निघाल्यावर कोंबडी दीड-दोन दिवस बसते आणि मग चालत्या पिल्लांना घेऊन उठते. मागे राहिलेले अंडे, त्यातून चिवचिव येत असली तरी, तिथेच गार पडते. याला निर्दयपणा म्हणू नये. ती सगळ्या जथ्याला सांभाळते, एकेका पिल्लाला नाही. म्हणून कोंबडी बसवली तरी त्या दोन दिवसांत उबदार खोके तयार असायला हवे.

आजारांच्या बाबतीत पारडे कोंबडीच्या बाजूने झुकते, हे मी अनुभवाने सांगते. दिव्याखाली वाढणाऱ्या पिल्लांत गुदद्वाराला विष्ठा चिकटून ते बंद होणे वारंवार दिसते, आईखाली क्वचित. वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत प्लास्टिकवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय फाकतात. मातीवर किंवा गवतावर चालणाऱ्यांचे सहसा नाही. पिल्ले आईमागे माती उकरत फिरतात, त्यामुळे रक्ती हगवणीच्या जंतूंशी त्यांची ओळख हळूहळू होते आणि थोडी ताकद येते. उलट बाजूही आहे. आईच्या अंगावरच्या उवा आणि तिचे आजार पिल्लांना सहज लागतात. पांढऱ्या हगवणीचे जंतू तर अंड्यातूनच येऊ शकतात, तिथे दोन्ही पद्धती सारख्या. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचायची असेल तर यंत्रातली पिल्ले हाताशी असतात, हे मोठे सुख.

आता जखमी किंवा अशक्त पिल्लू. यंत्राची वाट घेतली असेल तर आई तुम्हीच. खोक्याच्या एका टोकाला पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब आणि दुसरे टोक गार, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडते. मोठ्याने सतत चिवचिवत असेल तर त्याला गारठा तरी वाजतोय किंवा एकटे वाटतेय. पंख पसरून, चोच उघडी टाकून बसले असेल तर उष्णता जास्त आहे. दर आठवड्याला तीनेक अंशांनी ऊब कमी करायची. पाणी चोचीत ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी सरळ फुप्फुसात जाते. चोचीचे टोक बुडवा, पिल्लू स्वतः गिळते. बलक पोटात असल्याने पहिले दोन दिवस न खाल्ले तरी घाबरू नका, पण पाणी हवेच.

फाकलेले पाय पहिल्या दोन-तीन दिवसांत मऊ पट्टीने, नैसर्गिक अंतर ठेवून एकमेकांशी बांधले तर बहुधा चारेक दिवसांत सरळ होतात. आठवडाभर थांबलात तर आशा कमी. बोटे आत वळलेली असतील तर रिबोफ्लेविनची, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाची उणीव असू शकते, तेव्हा आधी खाद्य तपासा. चिकटलेली विष्ठा ओढून काढू नका, कोमट पाण्यात भिजवून मऊ करा आणि नाभीला धक्का लावू नका. जखम मिठाच्या पाण्याने धुऊन, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावा. रक्त दिसले की बाकीची पिल्ले तिथेच टोचतात, म्हणून जखम भरेपर्यंत वेगळे ठेवणे भाग आहे. वेगळे म्हणजे एकटे नव्हे. जाळीच्या पलीकडे बाकीची दिसावीत, ऐकू यावीत. पूर्ण एकटे पडलेले पिल्लू बरे होता होता खाणे सोडते.

कोंबडीच्या वाटेत इथेच मोठी अडचण येते. दोन-तीन दिवस आईपासून दूर राहिलेल्या पिल्लाला ती परत घेईलच असे नाही, कधी कधी टोचून मारते. रात्री अंधारात, तिच्या पोटाखाली सरकवून मी काही पिल्ले परत रुजवली आहेत. चार दिवसांच्या पुढचे मात्र मी परत देत नाही, त्याला खोक्यातच एक सोबती देते.

एकाच वेळी दोन-चार पिल्ले मान टाकू लागली, विष्ठेत रक्त किंवा पांढरा चिकट द्रव दिसला, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकाकडे जा. मेलेले पिल्लू फेकू नका, तपासणीसाठी सोबत न्या. आधी निरोगी पिल्लांचे काम करा, मग आजाऱ्यांचे, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा.

तर कोणी काय निवडावे? दिवसभर घराबाहेर असता आणि दहाबारा पिल्ले हवीत, तर अनुभवी खुडूक कोंबडी, सोबत एक उबदार खोके. पन्नास-शंभर पिल्ले हवीत, ठरलेल्या तारखेला हवीत, घरात कोणी ना कोणी असते, तर यंत्र. आणि ज्यांना निघाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी खोक्यात डोकावणे जमणार नाही, त्यांनी यंत्रात अंडी ठेवू नयेत, असे मी स्पष्ट सांगते. यंत्र एकविसाव्या दिवशी त्याचे काम संपवते. कोंबडीचे काम त्या दिवशी सुरू होते.